इनायतचाचांची पेन्सिल

इनायतुल्ला खान या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. आधीच सांगते, म्हणजे पुढे मी भोळेपणाचा आव आणला असं कुणी म्हणायला नको. मुळात मी संशयीच आहे. भाजीवाल्याचा काटा मी दोनदा बघते, आणि कुणी माझं कौतुक केलं तर घरी येऊन त्याचं कारण शोधत बसते. आई म्हणते, नीलम, तुले देवानं डोळे दिले ते फक्त वाकडं पाहाले.

२००७ च्या जूनमध्ये मी अमरावतीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात प्रशासन अधिकारी म्हणून लागले. दीडशे खाटांचा दवाखाना. ट्रस्टचे सेक्रेटरी खुशालराव यांनी मला बसा म्हणायच्या आधी काम सांगितलं. "वर्षाच्या आत सगळा दवाखाना कॉम्प्युटरवर पाहिजे, ताई. मले कागद दिसला नाही पाहिजे." ती वर्षं आमच्या वऱ्हाडाला वाईट गेली. कापसानं भल्याभल्यांची घरं बुडवली होती, दवाखान्यात गर्दी वाढत होती आणि पिवळं रेशनकार्ड असलं की खाट व औषध मोफत, असा ट्रस्टचा नियम होता. त्यामुळे ज्याच्या त्याच्या हातात पिवळं कार्ड. त्यातली निम्मी माणसं दुसऱ्याचं कार्ड घेऊन येतात, असं खुशालरावांना वाटायचं. मलाही वाटायचं. कॉम्प्युटर आला की चोर आपोआप सापडतील, अशी आमची दोघांची पक्की समजूत होती.

रेकॉर्डरूम एक्सरेच्या मागे होती, आणि तिथे इनायतचाचा. वय छप्पन, अंगानं काडी, केसांना मेंदी, कानावर पेन्सिल. बडनेऱ्याहून रोज सायकलनं यायचे. सगळा दवाखाना त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले, पण मनात नाही.

जगभर केसपेपर नंबरानं लावतात. चाचांनी ते गावानं लावले होते. एकेका गावाचं एकेक लाल कापडातलं गाठोडं, आणि गाठोड्याच्या आत घरं. केसपेपर हरवलेली बाई खिडकीशी आली की चाचा नंबर विचारतच नसत. "गाव कोन्तं, माय? टाकीपाशी राहता का मारुतीपाशी?" एवढं विचारून आत जायचे आणि पाच मिनिटांत कागद घेऊन बाहेर. लोकांना याचं फार अप्रूप. मला नाही. जिची किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात असते तिला मी पद्धत म्हणत नाही, दादागिरी म्हणते. उद्या चाचा आजारी पडले तर आम्ही काय गावोगाव टाक्या शोधत फिरायचं?

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विचारलंच, हे खूळ आलं कुठून. ते म्हणाले, "आमचा बाप चांदूर बाजारचा पिंजारी, मॅडम. गाद्या भरायचा. मी त्याच्यासंगं पिंजण खांद्यावर घेऊन खेडोपाडी फिरलो. गाव सांगतलं की मले घरं दिसतेत. नंबर नाही दिसत." नंतर त्र्याहत्तर साली ते स्ट्रेचर उचलायला म्हणून दवाखान्यात लागले आणि आठ वर्षांनी कागदांवर आले. पावसाळ्यात ओलसर केसपेपरांवर ते घरून आणलेली इस्त्री फिरवायचे. मला तेही नाटक वाटलं होतं.

बाकीचे कारकून कॉम्प्युटरसमोर बसले की त्यांना घाम फुटायचा. एकीनं तर रडून रजा काढली. चाचा चार दिवसांत शिकले. झालं, माझा संशय वाढला. या वयाचा माणूस चार दिवसांत शिकतो म्हणजे काहीतरी बेत असणार. "आमची सून शिकवून राहिली न," ते म्हणाले, "अनीसा. तिचा बडनेऱ्यात क्लास हाये." मी त्या क्लासला फोन करून खात्री केली. क्लास खरा होता, अनीसाही खरी होती. मला थोडं वाईटच वाटलं.

ऑक्टोबरमध्ये भानगड झाली. फवारणीचं औषध पोटात गेलेले किंवा अंगावर उडून बाधलेले पेशंट आमच्याकडे खूप यायचे. सरकारी मदतीच्या फायलीला दवाखान्याचा कागद लागायचा, त्यामुळे समोरच्या चहाच्या टपरीवर दलाल बसून असायचे. कॉम्प्युटरवर घेण्यासाठी मी त्या कागदांची मोजणी केली, तर चौदा केसपेपर गायब. रेकॉर्डरूमची किल्ली चाचांकडे. मग मी त्यांच्या माघारी कपाटं उघडली. बऱ्याच केसपेपरांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं, उर्दूत. टेबलाच्या खणात एक वही होती. दर ओळीत एक नाव, पुढे दोन-दोन नंबर, आणि त्यापुढे पुन्हा उर्दू.

उर्दू होतं म्हणून माझा संशय दुप्पट झाला. हे आता लिहिताना लाज वाटते. आम्ही भातकुलीचे बौद्ध. माझं आडनाव ऐकलं की कॉलेजातली पोरं माझ्या मार्कांकडे कोणत्या नजरेनं बघायची, हे मी विसरलेले नाही. तरी त्या अक्षरांकडे मी त्याच नजरेनं बघितलं.

खुशालरावांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मी वही टेबलावर ठेवली.

"हे काय आहे, चाचा?"

"खुणा हायेत. माह्या कामाच्या."

"उर्दूत कशाला?"

"चौथीपर्यंत उर्दू शाळेत गेलो. घाईत हात तिकडूनच चालते."

"मग वाचून दाखवा."

त्यांनी वहीवर हात ठेवला. "वाचून नाही दाखवत."

"काहून?" खुशालराव ओरडले.

"लोकाईच्या घरच्या गोष्टी हायेत, साहेब. मले सांगता नाही येत."

चौदा कागदांबद्दल ते म्हणाले की त्यांना काही माहीत नाही, आणि त्यापुढे गप्पच बसले. निर्दोष माणूस असा गप्प बसत नाही, असं माझं ठाम मत झालं. पुरावा नव्हता म्हणून काढता आलं नाही, तेव्हा त्यांना फाटकावर बसवलं. नातेवाइकांना वॉर्डात जायचे पास द्यायचं काम. वही मी माझ्या कपाटात कुलूपबंद केली. कुणाकडून तरी वाचून घ्यायची होती, पण जो वाचेल तो चाचांच्याच ओळखीचा निघाला तर? या दुसऱ्या संशयापायी पहिल्या संशयाची शहानिशा राहूनच गेली.

केबिनमधून जाताना चाचा माझ्याजवळ थांबले. "मॅडम, एकसारखे दोन कागद दिसले तर त्याईले एक करू नका. मले विचारा." चोर जाताजाता माल कुठे आहे ते सांगून गेला, एवढंच मी त्यातून घेतलं.

कंपनीची माणसं मशीन घेऊन आली. गाठोडी सुटली, कागद नंबरानं लागले, एकेक करून मशीनखालून गेले. कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या खुणा मशीन डाग समजून पुसून टाकायचं. मला त्याचं समाधान वाटायचं, पडद्यावर कसा स्वच्छ कागद दिसतो म्हणून. शेवटी कॉम्प्युटरनं एक यादी काढली: तेच नाव, तेच गाव, तोच रेशनकार्डाचा नंबर, आणि केसपेपर मात्र दोन. अशा अकराशे चाळीस नोंदी. वयं थोडी मागेपुढे होती, पण आमच्याकडे वय कोण मोजून सांगतं? चाचांचा पंचवीस वर्षांचा गलथानपणा एका यादीत सापडला, असं मी खुशालरावांना लिहून दिलं. दोहोंची एक नोंद करा, नवी ठेवा, जुनी काढा, असा हुकूम मी माझ्या सहीनं काढला. नोंदी एक झाल्या, खुशालरावांनी ट्रस्टच्या बैठकीत माझं नाव घेतलं, आणि कागद गोदामात गेले.

एवढ्यावर मी थांबले नाही. नोंदणीच्या खिडकीवर पाटी लावली: दुसऱ्याच्या कार्डावर उपचार घेणाऱ्यास पोलिसांच्या ताब्यात दिलं जाईल. आणि कॉम्प्युटरमध्ये एक खूण माझ्या डोक्यातून टाकून घेतली, 'माहिती पडताळली'. पिवळ्या कार्डाच्या प्रत्येक पेशंटला जुन्या नोंदीवरून प्रश्न विचारायचे, उत्तरं जुळली तर ती खूण करायची, मग वॉर्डातल्या पडद्यावर ती हिरवी दिसायची. खिडकीवरच्या मुलींना लोक गंडवतील म्हणून मी स्वतः प्रश्न विचारायला बसू लागले. मला ते काम आवडायचं. का खोटं बोलू?

मार्च उजाडला. एके दिवशी अकराच्या सुमारास चांदूर बाजारकडची एक बाई आली. कापसाची पऱ्हाटी कापल्यावर शेतात जे खुंट उरतात, त्यातला एक तिच्या पायात घुसला होता आणि पाय घोट्यापर्यंत सुजून चकाकत होता. ताप होता. हातात पिवळं कार्ड. मी पडदा बघून विचारायला सुरुवात केली.

"नाव?"

"भागीरथा."

"याआधी आल्या होत्या इथे?"

"मांगच्या सालच्या जानेवारीत."

"कशासाठी?"

"पाठीले गळू झालं होतं."

"किती दिवस होत्या?"

"पाच."

"पेनिसिलिनच्या सुया घेतल्या होत्या?"

ती जरा थांबली. खिडकीवरची पाटी तिनं वाचली की नाही, मला माहीत नाही. मी मात्र त्या पाटीखालीच बसले होते, आणि माझं तोंडही पाटीसारखंच असणार.

"घेतल्या," ती म्हणाली.

"काही त्रास झाला होता?"

"नाही, बाई. काईच नाही."

सगळी उत्तरं जुळली. मी खूण केली. खरी भागीरथा सापडली याचा मला थोडा आनंदही झाला, कारण खऱ्या बायका त्या खिडकीशी क्वचितच येत, असं माझं मत होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी चाचा फाटक सोडून माझ्याकडे धावत आले. मी त्यांना धावताना कधी बघितलं नव्हतं. धाप लागली होती.

"मॅडम, आत धाकटी हाये. तिले सुई देऊ नका म्हना. लवकर सांगा."

"कोण धाकटी?"

"भागीरथेची जाऊ. भागीरथा तं बाहेर उभी हाये, माह्यापाशी पास मागून राहिली. चिठ्ठीवर पेशंटचं नाव पाहिलं, भागीरथा. मंग आत कोन हाये?"

मी फोन उचलायला हवा होता. वॉर्ड माझ्या टेबलापासून एका बटनावर होता. मी म्हटलं, "तुम्ही फाटक कोणाला विचारून सोडलं?" मग म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत कोण कोणाची जाऊ?" आणि तिसरं विचारलं, "म्हणजे ही माणसं खोटं कार्ड आणतात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

तीन प्रश्न विचारले मी. तिसरा पुरा व्हायच्या आत ते वॉर्डाकडे पळाले. मी त्यांच्यामागे गेले, आणि खरं सांगायचं तर तिला वाचवायला नाही, त्यांना पकडायला गेले.

वॉर्डात सिस्टर रिकामी सिरिंज ट्रेमध्ये ठेवत होती. पेनिसिलिन देण्याआधी कातडीखाली थेंबभर टोचून वाट बघतात, पण पडद्यावर होतं की हे औषध मागच्या वर्षी पाच दिवस घेतलंय, त्रास नाही. शेजारी माझी हिरवी खूण. मग कोण कशाला वाट बघेल? बाईच्या गळ्यावर गांधी उठत होत्या. ओठ सुजायला लागले. ती गळ्याकडे हात नेत होती आणि श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येत होता. "रिअॅक्शन!" चाचा दारातूनच ओरडले. "हिले पह्यलेबी आली होती, दोन हजार तीनले!" डॉक्टरीणबाई धावल्या. पुढची पंधरा मिनिटं मी भिंतीला टेकून उभी होते. अधिकारी असून मला करण्यासारखं तिथे काही नव्हतं, आणि जे करण्यासारखं होतं ते मी आधीच करून बसले होते.

बाहेरच्या बाकावर भागीरथा, खरी, पदर तोंडात कोंबून रडत होती. चाचा तिच्याशेजारी बसले आणि मला न विचारता सांगू लागले. धाकटी म्हणजे मनकर्णा. कापसाचा भाव बसला तेव्हा तिचा नवरा सुरतला गेला, ही पण गेली, गावातल्या कार्डावरून नावं कटली. चार वर्षांनी हात हलवत परत आले, पण नाव परत चढेना. सुरतला जायच्याही आधी, २००३ साली, नवी सून असताना ती मरायला टेकली होती, तेव्हा तिचं नाव कार्डावर अजून चढायचंच होतं, म्हणून थोरलीच्या नावानं तिला भरती केलं. त्या वेळी पेनिसिलिन बाधलं. पुढे खरी थोरली गळू घेऊन आली, तेव्हा चाचांनी तिचा वेगळा केसपेपर केला आणि दोन्हींच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. एकावर 'थोरली'. दुसऱ्यावर 'धाकटी, हिले ही सुई नको'.

"असे अकराशे घरं हायेत, मॅडम. जावा-जावा, नंदा-भावजया. वही वाचून दाखवली असती तं तुमी सगळ्याईले पोलिसात देल्लं असतं. नाही वाचली तं..." त्यांनी वॉर्डाच्या दाराकडे बघितलं. "मले वाटलं मी फाटकावर हाये, पाहून घेईन. चुकलं माह्यं."

ते चुकलं म्हणत होते. म्हणायला मी हवं होतं.

थोरलीनंच जावेकडून सगळी उत्तरं घरी पाठ करून घेतली होती. गळू, पाच दिवस, सुया घेतल्या, त्रास नाही. कॉम्प्युटर विचारते, चुकली तं जेलात नेतेत, असं गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. पाटी मी लावली होती आणि प्रश्नही मीच काढले होते. मरणाच्या सुईला हो म्हणायला मी त्या बाईला शिकवलं, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. त्या दुपारपर्यंत मला वाटत होतं की संशय घेतला की खरं बाहेर येतं.

पुढचं थोडक्यात सांगते. खुशालरावांशी मी भांडले, पाटी काढली, माझ्या सहीचा हुकूम माझ्याच सहीनं रद्द केला. वही चाचांना परत दिली आणि गोदामातून कागद आणून त्यांनी आठ महिने एकेक नोंद वेगळी केली. कोणत्या कार्डावर कोण आहे हे न लिहिता, औषध कोणाला चालत नाही एवढं दिसेल अशी जागा आम्ही कॉम्प्युटरमध्ये करून घेतली. ती पुरेशी आहे असं मला आजही वाटत नाही. ते चौदा केसपेपर कुठे गेले, ते कधीच कळलं नाही. चाचा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, दर ईदला मी बडनेऱ्याला जाते, नसीमबानो चाची पानात वाढते, आणि शीरखुर्मा खाताना मनात अजून एकदा येतंच की त्या दिवसांत किल्ली यांच्याकडेच होती. माझा स्वभाव गेला नाही. फक्त आता मी तो तोंडावर येऊ देत नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

अर्ध्या-पाऊण तासानं तिचा श्वास नीट चालू लागला. ओठ सुजलेलेच होते, पण रंग परत आला. भागीरथेला आणि चाचांना आत घेतलं. मीही गेले, खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. डॉक्टरीणबाई तिच्यावर वाकल्या. अशा वेळी पेशंट नीट शुद्धीवर आहे का ते बघायला नाव विचारतात. त्यांनी तिच्या गालावर हलकेच थोपटलं.

"बाई, ऐकू येतंय? नाव सांगा तुमचं. नाव काय?"

तिनं डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, चाचांकडे बघितलं, मग तिची नजर खाटेच्या पायथ्याशी आली. सुजलेल्या ओठांतून ती सावकाश, नीट म्हणाली,

"भागीरथा."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. सिस्टर ते नाव लिहायला लागली. थोरली उशाशी मान खाली घालून उभी होती. चाचा एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे बघत होते, आणि ते कशाची वाट बघत आहेत हे मला उशिरा का होईना कळलं. अकरा वाजता तिनं मला जे सांगितलं होतं त्यानं तिचा जीव जवळजवळ गेला होता, आणि शुद्धीवर येताच ती पुन्हा तेच सांगत होती, कारण समोर मी होते.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

"गेल्या त्या," आत चाचा म्हणाले. "आता सांग."

आणि तिनं सांगितलं.